काचेपलीकडचं तोंड

माझं काम लोकांना गप्प बसवण्याचं. मी बुद्धिबळाची पंच आहे. लग्नाची तारीख नसलेल्या रविवारी शहरातलं एखादं मंगल कार्यालय स्वस्तात मिळतं. तिथे पंगतीची टेबलं जोडून त्यांवर पट मांडलेले असतात, शे-दीडशे माणसं तासन्‌तास समोरासमोर बसलेली असतात आणि मी त्यांच्यामधून चपलेचा आवाज न करता फिरत असते. आमच्या सासूबाई शेजारणींना शेवटपर्यंत सांगायच्या, "आमची सून परीक्षेच्या सुपरव्हिजनला जाते." मी कधी दुरुस्ती केली नाही. फारसं चूक नव्हतंच ते.

काम तसं सोपं आहे. कोण कुणाशी खेळणार ते लावायचं, घड्याळं सुरू करायची, ज्या मोहऱ्याला हात लागला तोच हलवायला लावायचा, आणि भांडण झालं की निर्णय देऊन दोघांपैकी एकाचे तरी शिव्याशाप घेऊन घरी यायचं. एके काळी मी स्वतःही खेळायचे. किती बरं खेळायचे ते पुढे सांगते. घरच्यांनी त्याचा निकाल लावून ठेवलेला आहे.

मी या कामात पडले तेव्हा यंत्राचं बुद्धिबळ हा आमच्यात थट्टेचा विषय होता. हावरटासारखं दिसेल ते प्यादं खात सुटायचं बिचारं. मग एक दिवस बातमी आली की जगज्जेता यंत्राशी हरला. आम्ही म्हटलं, दमला असेल. पुढे ते काळ्या-पांढऱ्या गोट्यांच्या चिनी-जपानी खेळातही झालं. तिथे यंत्राला कधी जमणारच नाही, असं जाणती माणसं सांगत होती. आणि आता? आता माझ्या भाजीवाल्याच्या खिशातला फोन कुठल्याही जगज्जेत्याला बसल्या जागी हरवेल. भाजीवाल्याला तशी गरज पडत नाही म्हणून बरं.

लोक विचारतात, "मग तुमचा खेळ संपला का हो?" संपला असता तर रविवारी मी घरी झोपले असते. उलट गर्दी वाढली. फरक एवढाच, की पूर्वी बरोबर खेळी कोणती हे कुणालाच माहीत नसायचं, आणि आता ते खेळणारे दोघे सोडून बाकी सगळ्यांना माहीत असतं.

हा फरक केवढा आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पूर्वी डाव संपला की जिंकलेला आणि हरलेला दोघे बाहेरच्या पायरीवर पट मांडून बसायचे. "इथे उंट खेळला असता तर?" "तर मी हत्ती इकडे." भोवती कोंडाळं जमायचं, जो मोठ्याने बोलेल त्याचं बरोबर ठरायचं, चहा गार व्हायचा. मला त्यांना दहादा हुसकावावं लागायचं, आणि मी मनापासून चिडायचे. आता हुसकावायला कुणी नसतं. पोरगं बाहेर येतं, बाप फोन पुढे करतो. "सतराव्या खेळीला चुकलास." संपलं. वाद नाही, चहा नाही.

मग ते आई-बाप माझ्याकडे येतात. एकदा दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले आले. पांढरे कपडे, कपाळाला गंध, हातात फोन. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, यात पाहा ना. हे म्हणतंय आमचं पोरगं जितत व्हतं."

"असेल."

"मंग हारलं कसं?"

"पुढे चुकलं असेल."

"ते झालं. पण इथं तर लय पुढं व्हतं ना. यवढं पुढं असल्यावर काय अर्धा-पाव गुण बसतंय का नियमात?"

मी नाही म्हटलं. ते बराच वेळ माझ्याकडे विमा कंपनीच्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.

यंत्राने माझ्या घरातही हात घातलाय. कॉलेजात असताना मी एक डाव जिंकला होता. समोर गावातला नावाजलेला खेळाडू, आणि मी त्याला आख्खा हत्ती देऊन टाकला होता. त्याने तो खाल्ला आणि थोड्या वेळाने हरला. दर दिवाळीला फराळाची ताटं समोर आली की मी तो डाव सांगायचे. हत्तीच्या जागी बेसनाचा लाडू ठेवायचे. मुलं मोठी झाली, जावई आले, ऐकणारे बदलले, लाडू तोच. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने, ओंकारने, तो डाव फोनमध्ये घातला.

"मावशी, हत्ती दिलास ना, तिथे दोन लाल प्रश्नचिन्हं आली."

"म्हणजे?"

"म्हणजे साफ चूक. नंतर समोरच्याने त्याहून मोठी चूक केली, म्हणून तू जिंकलीस."

आमचे हे ठिबकच्या नळ्या विकतात. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. ते चिवडा खाता खाता म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीचा डाव ऐकत होतो?" तेवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण लगेच नेहमीचा प्रश्न आलाच. "मी म्हणतो, यंत्र एवढं भारी खेळतं तर मग तुम्ही लोक खेळता कशाला?" मी लाडूचा डबा बंद केला.

असो. आता सांगायची ती एका निवड स्पर्धेची गोष्ट.

जिल्ह्याची, खुल्या गटाची. खुला गट म्हणजे वयाची अट नाही, आजोबांनी नातवाशी खेळावं. वरचे काही जण राज्य स्पर्धेला जातात. शेवटची फेरी होती, आणि सई गायधनी नावाच्या एका नववीतल्या मुलीला राज्याला जायचं तर तो डाव जिंकणं भाग होतं. बरोबरी चालणार नव्हती. समोर मालेगावचे सलीमभाई. यंत्रमाग दुरुस्त करणारा माणूस, दाढी पांढरी, पहाटेच्या एसटीने येणार, डबा घरचा आणणार, आणि डाव सुरू व्हायच्या आधी समोरच्याचे मोहरेसुद्धा घरांच्या बरोबर मधोमध सरकवून देणार. त्यांची निवड आधीच पक्की झाली होती. पण सलीमभाई कुणाला डाव सोडत नाहीत. पोरांना तर नाहीच.

त्यांचं टेबल काचेला लागून होतं. कार्यालयाला मागच्या बाजूने काचेची भिंत होती आणि पलीकडे व्हरांडा. आयोजकांची इच्छा होती की पाहुण्यांना चुरशीचे डाव बाहेरून दिसावेत. आत फोन आणायला सक्त बंदी. दारावर मी लग्नातल्या सनईवाल्यासारखी बसते आणि लोकांची घड्याळंसुद्धा काढून घेते. बाहेर मात्र पालकांना मोकळीक. काचेतून आवाज येत नाही, तर बिघडलं काय, असा माझा हिशेब.

डाव मध्यावर आला तेव्हा सलीमभाई उठून पाण्याच्या पिंपाकडे आले. मी तिथेच होते. पेला धुतला, पाणी घेतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानो. एक विचारू का?"

"विचारा ना, भाई."

"ही बच्ची माझ्याशी खेळतेय, की भिंतीशी?"

"म्हणजे?"

"तुम्ही बघा. मी सांगणार नाही." पेला पालथा घालून ते जागेवर गेले.

मी सईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि ती बघत होती तिकडे बघितलं. काचेपलीकडे तिचे वडील. नाशिक रोडला राहणारे, सरकारी नोकरीतले, प्रत्येक स्पर्धेला आख्खी रजा टाकून येणारे गायधनी. त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला, कॅमेऱ्याने पट जवळ ओढून बघितला, मग मान खाली घालून सलीमभाईंची खेळी फोनमध्ये भरली. एक क्षण गेला. आणि त्यांचं तोंड असं उजळलं, जसं कुणाच्या घरी बारावीचा निकाल लागावा.

सईचा हात तोवर प्याद्याकडे निघाला होता. तिने मान वर केली, काचेकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. हनुवटी तळव्यावर ठेवून विचाराला बसली.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. डाव चालू असताना कुणी कानाशी येऊन "घोडा इथे खेळ" असं सांगायची गरज नसते. चांगल्या खेळाडूला फक्त एवढं कळलं, की आत्ता, या खेळीला, इथे काहीतरी दडलंय, तरी पुरे. बाकीचं तो शोधतो. अवघड असतं ते कधी थांबायचं हे कळणं. आणि गायधनी ते दर खेळीला सांगत होते. बरं चाललं की भुवया वर, वाईट झालं की खालचा ओठ बाहेर, बरोबरीत असलं की नुसतंच घड्याळाकडे बघणं. मी दहा मिनिटं उभी राहिले. पटाकडे न बघता, नुसत्या त्या तोंडावरून, डावात कोण वरचढ आहे हे मला सांगता आलं असतं. जगातल्या सगळ्यात ताकदवान खेळाडूने नाशिक रोडच्या एका माणसाच्या चेहऱ्याची वायर जोडून घेतली होती, आणि त्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

बाहेरून मदत घेतली असं मी लिहिलं की डाव गेला, निवड गेली. शिवाय तो अहवाल वर जातो. आमचं जग लहान आहे. नववीतल्या मुलीच्या नावापुढे "मदत घेऊन खेळते" एवढं लागलं, की ती पन्नाशीची झाली तरी लोक तिच्या चांगल्या खेळीवर खांदे उडवणार. आणि लिहिणार तरी काय? वडिलांकडे बघितलं? कुठलं मूल बघत नाही?

मी सलीमभाईंजवळ वाकले. "भाई, तक्रार लेखी देताय का?"

"तोबा." त्यांनी पटावरून नजर काढली नाही. "लेखी नको. दाग नको बच्चीला. मागचं माझ्याकडून माफ. फक्त ते तोंड हटवा."

मी व्हरांड्यात गेले. "गायधनी साहेब, इकडे या जरा."

"पाणी हवंय का तिला? मी म्हटलंच होतं, लिंबू सरबत..."

"तुम्ही इथे उभं राहू नका."

"का? सगळे उभे आहेत."

"सगळ्यांची तोंडं बोलत नाहीत. तुमचं बोलतंय."

"मॅडम, मी एक शब्द काढला असेल तर..."

"शब्द नाही हो. तोंड. तुम्ही फोनमध्ये बघता, मग तुमचं तोंड बदलतं, मग ती तुमच्याकडे बघते, मग ती खेळते."

"अहो, मग तोंड काय घरी ठेवून येऊ?" गायधनींचा आवाज चढला. "सकाळी सहाला उठून घेऊन आलोय तिला. मुलीकडे बघायचं नाही, असा नियम कुठाय? दाखवा." मग एकदम थांबले. मी म्हटलेलं त्यांच्यापर्यंत आत्ता पोचलं होतं. "ती... माझ्याकडे बघते?"

"प्रत्येक खेळीला."

"सई?" त्यांनी काचेकडे मान वळवली. "घरी तर मान वर करत नाही. जेवायला बोलावलं तरी खोलीतून मेसेज टाकते." आणि या गृहस्थांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद पसरला. त्यांच्या मुलीचं सगळं पणाला लागलं होतं आणि हे कृतकृत्य होऊन उभे! मी त्यांचा दंड धरून आधी त्यांना काचेसमोरून ओढलं. आत तो आनंद कुठल्या खेळीच्या खात्यावर गेला असता कोण जाणे.

म्हटलं, "दोनच रस्ते आहेत. फोन माझ्याकडे द्या आणि इथेच उभे राहून मुलीला बघा. नाहीतर फोन घेऊन पार्किंगमध्ये जा."

मला वाटलं होतं, माणूस मुलगी निवडेल. गायधनींनी विचार केला आणि फोन निवडला.

पार्किंगमधून पट दिसत नाही, हे त्यांच्या तिथे गेल्यावर लक्षात आलं असणार. दारातून मला ते दिसत होते. स्कूटरवर बसून एकाच जागी थांबलेल्या डावाकडे बघत होते. आत खेळ्या होत होत्या आणि यांच्या हातातलं यंत्र जुन्याच स्थितीत आणखी खोल, आणखी खोल शिरत होतं.

आत सईने मान वर केली. काच रिकामी. तिने व्हरांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. आता माझीच पंचाईत. माझं तोंडही काही कमी बोलत नाही. आमचे हे म्हणतात, तुला भाजी आवडली नाही हे गिळायच्या आधी कळतं. मी सरळ छताच्या पंख्याकडे बघत उभी राहिले. मान अवघडली तरी हलले नाही.

पुढच्या काही खेळ्या तिने वाईट केल्या. घाईघाईत, जिना उतरताना दिवे जावेत तशा. सलीमभाईंनी एक प्यादं खाल्लं. बाजूच्या टेबलावरचे डाव संपून लोक भोवती जमले आणि त्यांच्या श्वासावरून मला कळत होतं, मुलगी चाललीय. मला राहून राहून वाटत होतं, मी हे अर्ध्या डावात का केलं? आधी बघितलं असतं, किंवा काहीच बघितलं नसतं. माणसाची चालता चालता कुबडी काढून घेतली, आणि वर म्हणते आता चाल.

मग ती थांबली. हात मांडीखाली घेतले. पटाकडे बघितलं, आणि मग बराच वेळ पटाकडे बघितलंच नाही. आणि घोडा उचलून तिने सलीमभाईंच्या प्याद्याच्या तोंडात ठेवला. फुकट. पहिल्या दिवशीच्या मुलालाही दिसेल इतका फुकट.

सलीमभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दाढीत बोटं घातली. खायचा की नाही? खाल्ला तर राजासमोरचं प्यादं हलतं आणि वाट उघडी पडते. त्या वाटेने पुढे काय येणार, ते मला दिसत नव्हतं. त्यांनाही दिसत नसावं. इतका वेळ लावला त्यांनी की मी त्यांच्या घड्याळाकडे दोनदा बघून घेतलं. शेवटी त्यांनी घोड्याला हात लावला नाही, राजा कोपऱ्यात सरकवला. तिथून सगळं उलटं फिरलं. घोडा तिथेच ठाण मांडून बसला, त्याच्या मागून वजीर आला, आणि थोड्या वेळाने सलीमभाईंनी घड्याळ थांबवून हार कबूल करत हात पुढे केला. "शाबास, बेटा."

निकालाच्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या झाल्या, मग माझी. डाग नाही, अहवाल नाही. इतक्या वर्षांत सही करताना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

फेरी संपल्यावर गायधनी धावत आत आले. मिठी नाही, काही नाही, आधी फोन पुढे. सईची कागदावर लिहिलेली खेळ्यांची नोंद बघून भराभर आत भरत गेले आणि मग किंचाळले. "अगं, घोडा! घोडा फुकट होता! यांनी खाल्ला असता तर तू साफ हरत होतीस! हे बघ, लाल झालंय सगळं!"

"बघू," सलीमभाईंनी मान पुढे केली. बघितलं, आणि हसले. "खरंच की. काहीच नव्हतं तिथे. पण साहेब, या डब्याला भीती वाटत नाही. मला वाटली."

"पण असा जुगार? राज्याला असलं चालेल का?" गायधनी माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीच सांगा हिला."

मी सईला विचारलं, "तुला दिसलं नव्हतं का, खाल्ला तर काय ते?"

"दिसलं होतं," ती मोहरे पिशवीत भरत म्हणाली. "पण काका खाणार नव्हते."

"कशावरून?"

"ते घोड्याकडे बघतच नव्हते. मी का ठेवला म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होते. मग मी तोंड तसंच ठेवलं."

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसले. गायधनी हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात पुढची स्पर्धा सुरू झाली होती. "ते राहू दे. पण मॅडम, राज्याला मी उभं कुठे राहू, ते आत्ताच सांगा. तिथेही पार्किंगमध्ये बसवणार का मला?"

"काचेजवळच राहा, बाबा," सईने पिशवीची नाडी ओढली. "फक्त मास्क लावून या. करोनातले पडलेत की घरात."

गायधनींना ते पटलं. "हां, मास्क चालेल ना, मॅडम?" भोवती जमलेले दोघे-तिघेही हसले. मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मास्क लावून या, असं कोण म्हणतं? बापाच्या तोंडाने आजवर काय काम केलंय, हे ज्याला पुरतं माहीत आहे तो. मी तर त्याबद्दल तिच्याशी अक्षरही बोलले नव्हते. कधीपासून माहीत होतं हिला? की आत्ता, काच रिकामी दिसल्यावर, तिने जुळवलं? माझी सही चिठ्ठीवर वाळून गेली होती. सई पिशवी खांद्याला लावून माझ्यासमोर उभी होती, डोळे माझ्यावर, शांत.

सलीमभाई डब्याची पिशवी उचलून माझ्या बाजूने एसटी गाठायला निघाले. जाता जाता थबकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, चेहरा सांभाळा. बच्ची बघतेय."